हिमालयाचा बदलता नकाशा

पर्वत स्थिर असतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की, भाषेने त्याला ‘अचल’ असेच नाव दिले. हिमालयाच्या मोजणीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

१८०२ साली विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्रिकोणांची ती साखळी उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली आणि १८५६ साली जगातील सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. शिखरे दुरून मोजता आली. पलीकडच्या वाटा मात्र पायांनीच मोजाव्या लागत. कुमाऊँच्या नैनसिंग रावत यांनी १८६५-६६ साली ल्हासापर्यंतचा मार्ग पावले मोजून नोंदविला. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, ते याच हिशेबासाठी.

१९७२ साली लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह अवकाशात गेला. १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए त्यात सामील झाला. अवरक्त प्रकाशात पाणी काळे दिसते. त्यामुळे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधांआड साचलेली सरोवरे ओळखू येऊ लागली. २००५ सालच्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते. एकच भूभाग दोन कोनांतून टिपल्यामुळे, दोन डोळ्यांनी खोली जाणवावी तशी, चढउतारांची उंची काढता आली. परंतु खरा लाभ पुनरावृत्तीचा झाला. तीच दरी वर्षानुवर्षे पाहता आली, आणि ‘अचल’ किती चळतो ते उमगले.

सिक्कीममधील दक्षिण ल्होनक सरोवर असेच वाढताना दिसत होते. हिमनदी मागे सरे, तसे पाणी पसरे. २८ सप्टेंबर २०२३ च्या चित्रात त्याचे क्षेत्र सुमारे १६७ हेक्टर होते. ४ ऑक्टोबरला उरले सुमारे ६०. मधल्या एका रात्री काठावरचा दगडमातीचा कडा पाण्यात कोसळला, सरोवर फुटले, तीस्तेच्या लोंढ्याने चुंगथांगचे धरण वाहून नेले आणि अनेकांचे प्राण घेतले.

सरोवर नकाशावर होते, त्याची वाढही नोंदलेली होती. उणीव होती ती ही नोंद दरीतल्या घरापर्यंत वेळेवर पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची. नैनसिंगांच्या काळी माहिती मिळविणे हेच दुष्कर होते. आज ती मिळते, पण तिच्यावर वेळीच कृती करणे दुष्कर ठरत आहे.