वजाबाकीतून घडलेला सदरा

शिवकालीन राज्यकारभारातील अठरा कारखान्यांत जामदारखान्याची, म्हणजे वस्त्रांच्या कोठाराची, गणना होत असे, आणि पुढे पेशवाईच्या अखेरपर्यंत राजवाड्यांच्या व सरदारवाड्यांच्या दफ्तरांतून शालजोड्या, जामेवार, किनखाब, तिवटे, पटके यांच्या जिन्नसवार नोंदी होत राहिल्या. कारण वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन नव्हते, तर दरबारात कोणाची जागा कोठे आहे हे न बोलता सांगणारे ते चिन्ह होते. कोणास किती सनगांचा पोशाख द्यावयाचा, हेही शिरस्त्याने ठरत असे. वस्त्रांच्या या मानकरी परंपरेच्या अगदी दुसऱ्या टोकाला आज एक कपडा उभा आहे: गोल गळ्याचा, अर्ध्या बाह्यांचा, बिनगुंड्यांचा सुती टी-शर्ट. मोजक्या कपड्यांत राहण्याचा संकल्प करणारा आजचा तरुण पहिली निवड बहुधा याचीच करतो, आणि ती करताना त्याची अपेक्षा अशी असते की हा एकच कपडा घरात, कचेरीत, प्रवासात आणि निजतानाही चालावा, म्हणजेच त्याने अंगावर घेणाऱ्याविषयी शक्य तितके कमी सांगावे. ही अपेक्षा पुरी करण्याइतका तो निरुपाधिक कसा झाला, याचे उत्तर कोणा कल्पक रचनाकाराच्या चरित्रात सापडत नाही. ते यंत्रांच्या, कारखान्यांच्या आणि आरमारी हुकमांच्या वृत्तांतांत विखुरलेले आहे, आणि आरंभापासून पाहू गेल्यास तो सारा वजाबाकीचा इतिहास आहे.

मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे असते आणि ते फारसे ताणले जात नाही. म्हणून अशा कापडाचा अंगाबरोबर बसणारा कपडा शिवावयाचा तर तो कोठे तरी उघडा ठेवावा लागतो, आणि उघडा ठेवला की तो बांधण्याची सोय करावी लागते. बाराबंदीचे बंद, अंगरख्याचे कसे, बगलेतला चौबगला, पैरणीच्या गुंड्या, ही शिंप्याची बरीचशी विद्या या एका अडचणीच्या परिहारार्थ वाढली. होजिअरीचे कापड मात्र धाग्याचे फासे एकमेकांत ओवून तयार होते. ते डोक्यावरून ओढले असता पसरते आणि अंगावर आल्यावर पुन्हा आटोपते, त्यामुळे त्याला ना बंद लागतात ना गुंड्या. युरोपात असे कापड दीर्घकाळ हातातील सुयांवरच होत असे आणि त्याचा मुख्य उपयोग पायमोज्यांसाठी असे. १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यातील कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने हे काम करणारे यंत्र सिद्ध केले. हातांनी मोजे विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, असे परंपरा सांगते. ली पुढे फ्रान्सात गेला आणि त्याचा अंतही तेथेच झाला, परंतु त्याचे यंत्र स्वदेशी परतले आणि नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या प्रांतांत घरोघरी चालू लागले.

या धंद्याच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण १८११–१२ मधील आहे. नेड लड या कल्पित सेनापतीच्या नावाने रात्री-बेरात्री कारखानदारांची यंत्रे फोडणाऱ्या नॉटिंगहॅमच्या कारागिरांना पुढील पिढ्यांनी यंत्रद्वेष्टे ठरविले. वस्तुतः ते स्वतःच दोन शतके यंत्रावर काम करणाऱ्यांचे वंशज होते, आणि त्यांच्या प्रमुख तक्रारींपैकी एक फार नेमकी होती. मोजा हा यंत्रावरच घोट्याशी अरुंद आणि पोटरीशी रुंद असा आकार देत विणावा, ही त्यांची विद्या. परंतु काही मालक रुंद यंत्रांवर सलग कापड काढून ते कात्रीने कापीत आणि शिवून मोजा म्हणून विकत. असा माल स्वस्त पडे, त्याच्या शिवणी लवकर उसवत, आणि त्याच्यामुळे साऱ्या धंद्याची पत आणि मजुरी या दोहोंना उतरती कळा लागे. यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगणारा कायदा १८१२ मध्ये झाला. लॉर्ड बायरनने वरिष्ठ सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात, २७ फेब्रुवारी रोजी, त्याला विरोध केला, पण तो निष्फळ ठरला. त्या कारागिरांना जी कृती अप्रामाणिक वाटली, तिचाच आजचा टी-शर्ट वारस आहे: त्याचे कापड सलग विणले जाते, थरावर थर रचून कापले जाते आणि मग शिवले जाते. त्याच्या घडणीत पहिली वजाबाकी झाली ती कारागिराच्या कौशल्याची.

पुढील सुधारणा झपाट्याने आल्या. मार्क ब्रुनेलने १८१६ मध्ये वर्तुळाकार विणकामाच्या यंत्राची सनद घेतली आणि कापड नळीसारखे अखंड काढण्याचा मार्ग मोकळा झाला. १८४० च्या दशकाच्या अखेरीस लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने खटक्याची सुई आणली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात मेरो घराण्याने ओव्हरलॉक यंत्राचा प्रपंच वाढविला, ज्यामुळे कापलेल्या कडेचे फासे सुटून जाण्याची जुनी खोड बंद झाली. लडच्या अनुयायांचा तांत्रिक आक्षेप अशा रीतीने सत्तर-ऐंशी वर्षांनी यंत्रानेच निकालात काढला. मजुरीविषयीचा आक्षेप मात्र तसाच राहिला.

अमेरिकेत त्या काळी अंतर्वस्त्र म्हणून मानेपासून घोट्यापर्यंतचा, पुढून गुंड्यांचा, एकसंध जोड वापरीत. १८६८ मध्ये न्यूयॉर्क संस्थानातील युटिका येथे त्याची सनद घेतली गेली होती. उन्हाळ्यात राबणाऱ्या मजुरांना तो असह्य होई, म्हणून कालांतराने त्याचे कमरेशी दोन तुकडे झाले. वरच्या तुकड्याला गुंड्या होत्याच, आणि गुंडी म्हटली की ती तुटणे आले, हरवणे आले आणि सुईदोरा घेऊन पुन्हा लावणारे कोणी तरी असणेही आले. कूपर कंपनीने १९०४ च्या सुमारास अविवाहित पुरुषांना उद्देशून जी जाहिरात केली, तिचा सारा भर यावरच होता: या सदऱ्याला गुंड्या नाहीत, टाचण्या नाहीत, आणि ज्याला शिवता येत नाही त्याने निर्धास्तपणे घ्यावा. अर्थात, ज्याच्या घरी त्याचे कपडे नीट ठेवणारे माणूस नाही, अशा एकट्या पुरुषाची सोय म्हणून गुंडी वजा झाली.

असे हजारो एकटे पुरुष जेथे एकत्र राहत, त्या खात्याला हा कपडा पसंत पडावा यात नवल नाही. अमेरिकन आरमाराने १९१३ मध्ये अर्ध्या बाह्यांचा, गोल गळ्याचा पांढरा सुती सदरा गणवेशाखाली वापरण्यासाठी मुकर्रर केला. खलाशाच्या झग्याचा गळा पुढे खोल असे, तेथून छाती दिसू नये हा एक हेतू. परंतु जहाजावरील जीवनाने त्याला आणखी अनेक कामे लावली. खलाशाला कपाट नसे. त्याची सारी चीजवस्तू कॅनव्हासच्या एका पिशवीत मावली पाहिजे, म्हणून प्रत्येक कपडा गुंडाळून दोरीने बांधण्याची रीतसुद्धा ठरवून दिलेली असे. गोडे पाणी मोजून मिळे, तेव्हा कपडा थोड्या पाण्यात धुतला जावा आणि लवकर वाळावा हे आवश्यक होते. इंजिनखान्याच्या उष्म्यात वरचा गणवेश उतरवून याच सदऱ्यावर काम करता येई, आणि रात्री त्यावरच झोपताही येई. आज ज्याला आपण बहुउपयोगीपणा म्हणतो तो असा जागेच्या, पाण्याच्या आणि वेळेच्या टंचाईतून, सरकारी शिस्तीच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. तेथे निवडीचे स्वातंत्र्य नव्हते, आणि नग किती बाळगावयाचे हेही खातेच ठरवीत असे.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या १९२० मधील पहिल्या कादंबरीत वसतिगृहात निघालेल्या मुलाच्या सामानाची याद येते, तीत अंतर्वस्त्रे सहा-सहांच्या संख्येने आहेत आणि टी-शर्ट अवघा एक, तोही विकल्पाने. पुढे १९३८ मध्ये सीअर्स या मोठ्या व्यापारी पेढीने खलाशी धाटणीचा हा सदरा २४ सेंटला सामान्य गिऱ्हाइकांपुढे मांडला. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी तरुणांना तो सरकारातून मिळाला. १३ जुलै १९४२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या तोफशाळेचे नाव मिरविणारा टी-शर्ट घातलेला जवान झळकला, आणि जे वस्त्र सभ्य गृहस्थाने चारचौघांत दाखवू नये ते प्रथमच राष्ट्रीय अभिमानाच्या जागी आले. १९४७ मध्ये टेनेसी विल्यम्सच्या नाटकात मार्लन ब्रँडो रंगभूमीवर आला तेव्हा वेशभूषाकार ल्युसिंडा बॅलार्डने त्याचा टी-शर्ट अंगाला चिकटेल असा मुद्दाम बसवून घेतला होता. १९५१ च्या चित्रपटाने तेच रूप जगभर नेले. आत आणि बाहेर यांतील भेदही असा वजा झाला.

या कोऱ्या पृष्ठभागाचा मोह मात्र आवरणे कठीण होते. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत थॉमस ड्यूईच्या प्रचारकांनी त्यावर घोषणा छापली, आणि तेव्हापासून साबणापासून क्रांतीपर्यंत सर्वांनी त्याचा फलक केला. मोजक्या कपड्यांच्या संचाची कल्पना लंडनच्या सुझी फॉने १९७० च्या दशकात मांडली आणि न्यूयॉर्कच्या डोना कॅरनने १९८५ मध्ये सात कपड्यांचा संच काढून ती बाजारात रूढ केली. ती पुढे पुरुषांच्या कपाटापर्यंत पोहोचली तेव्हा तिला हवा होता तो छपाईविरहित, पूर्वीचा मुका टी-शर्ट.

आपल्या देशात होजिअरीचा धंदा कलकत्त्याहून पसरला. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे मूळचे कापसाच्या पेठेचे गाव. १९२५ च्या सुमारास गुलाम कादर यांनी तेथे विणकामाची यंत्रे आणली, आणि त्याच काळात हे गाव दक्षिणेतील खादीकार्याचेही मोठे केंद्र होते. अर्धे शतक तेथे मुख्यतः पांढरी बनियने निघत राहिली. १९७८ मध्ये व्हेरोना नावाचा इटालियन आयातदार मुंबईच्या निर्यातदारांमार्फत पांढऱ्या टी-शर्टांच्या शोधात तेथे आला, आणि पुढील तीन दशकांत तिरुप्पूरने जगाच्या अंगावर सदरे चढविले. त्यांतील धाग्याचा काही अंश विदर्भ-खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकतो, कारण दक्षिणेतील सूतगिरण्या येथील गाठी विकत घेतात. परंतु पांढऱ्याच्या जागी रंगीत माल मागितला जाऊ लागताच रंगशाळांचे खारट सांडपाणी नोय्यल नदीत उतरले, खालच्या अंगाची शेती आणि विहिरी नासल्या, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेंहून अधिक रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. अल्पमोली वस्तूच्या हिशेबातून काय वजा ठेवले जाते, त्याची ही सरकारदरबारी झालेली नोंद होय.

या पूर्ववृत्ताच्या उजेडात निवडीचे निकष सोपे होतात. होजिअरीच्या धंद्यात कापडाचे वजन चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. आपल्या हवेत १६० ते १८० ग्रॅमचे कापड पुरे, कारण त्याहून बरेच हलके असले तर ते उजेडात आरपार दिसते आणि फार जड असले तर वैशाखात नकोसे होते. सूत कापूस विंचरून आखूड तंतू वेगळे काढलेले, म्हणजे कोम्ब्ड असावे; अन्यथा थोड्याच धुण्यांत कापडावर बारीक गोळे येतात. गळ्याची रिब पट्टी ताणून सोडली असता जागेवर परत यावी, आणि मानेमागून दोन्ही खांद्यांपर्यंत आतून शिवलेली पट्टी असावी. तिच्याविना खांदा ओघळतो. बगलेखालची शिवण सरळ उतरते की पोटाकडे वळते हे घडी मोडून पाहावे, कारण वळलेली शिवण धुण्यागणिक अधिकच वळते. रंग असा असावा की जो पँटवर, लेंग्यावर आणि उघड्या गुंड्यांच्या शर्टाखाली सारखाच खपेल. करडा, गडद निळा आणि पांढरा हे तीन या कसोटीस उतरतात, आणि त्यांत पांढरा घामाचे डाग सर्वांत आधी कबूल करतो. छातीवर पेढीचे नाव नसावे हे निराळे सांगावयास नको.

एवढे सारे पाहून घेतलेला टी-शर्ट उत्तमच निघेल. तथापि खलाशाच्या पिशवीतील एक गोष्ट दुकानात मिळत नाही, ती म्हणजे संख्येची मर्यादा. जोवर कपडा दुर्मिळ होता तोवर एकाच कपड्याने अनेक कामे करणे ही गरज होती. तो स्वस्त झाला तेव्हा प्रत्येक कामासाठी निराळा घेणे हीच सवय झाली, आणि ज्या कपाटात अशा वीस बहुउपयोगी सदऱ्यांची चळत आहे तेथे त्यांपैकी एकालाही आपला बहुउपयोग सिद्ध करण्याची संधी मिळत नाही. आरमाराने जो नियम हुकमाने घालून दिला तो आता ज्याचा त्याने स्वतःवर घालून घ्यावा लागेल: तीन किंवा चार नग घ्यावेत, आणि विटेपर्यंत, विरेपर्यंत वापरावेत. कारागिराची मजुरी आणि नदीचे पाणी किमतीतून वजा झालेले असताना, खरेदीची संख्या तेवढी वजा करणे गिऱ्हाइकाच्या हाती उरले आहे.