बॉनेटची पिन : हौस आणि सुरक्षा

धावत्या मोटारीचे बॉनेट अचानक उघडणे ही क्वचित घडणारी, परंतु घडल्यास जिवावर बेतणारी गोष्ट आहे. चेंबूरच्या सिग्नलपाशी रेंगाळणारी गाडी पांजरापोळजवळ २०१३ मध्ये खुल्या झालेल्या पूर्व मुक्तमार्गावर चढली की काही क्षणांतच तिचा वेग दुप्पट होतो. बॉनेटवर येणारा हवेचा जोर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या तुलनेत ८० ला तो चौपट होतो. गल्लीत नुसते खडखडणारे बॉनेट तेथे उसळून काचेवर आदळू शकते. या वेगाने गाडी दर सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाची दृष्टी तीन सेकंद जरी झाकली गेली, तरी तेवढ्यात ६६ मीटर अंतर कापले जाते.

हे टाळण्यासाठीच बहुतेक मोटारींच्या बॉनेटला दोन टप्प्यांचे कुलूप असते. चालकाच्या पायाजवळची केबल ओढली की पहिला खटका सुटतो. दुसरा आकडा बोटाने सरकवल्याखेरीज बॉनेट वर येत नाही. अमेरिकेच्या मोटार सुरक्षा मानक क्रमांक ११३ नुसार, उघडल्यावर समोरचे दृश्य झाकणाऱ्या बॉनेटला असा दुसरा टप्पा असणे बंधनकारक आहे. परंतु हा दुसरा आकडाच गंजून अडकला तर? निसान कंपनीला अल्टिमा या मोटारींच्या बाबतीत याच कारणाने एकाहून अधिक वेळा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा धोका विशेष लक्षात घ्यावयास हवा.

बॉनेट पिन ही मूळची शर्यतीच्या गाड्यांची वस्तू. रॅलीच्या मोटारींना बॉनेटसाठी किमान दोन जादा पकडी असाव्यात, असा एफआयए या जागतिक मोटारक्रीडा संघटनेचा नियम आहे. बाहेरून लावायचे आकडे मात्र आपल्याला नवे नाहीत. विलीज जीपच्या बॉनेटला दोन्ही बाजूंना असे आकडे होते आणि महिंद्रच्या थारने तीच ठेवण जपली आहे.

पिन बसविण्याचे काम दिसायला सोपे, पण मापाचे आहे. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर मध्यापासून समान अंतरावर दोन जागा निवडाव्यात. त्या जागी बॉनेटच्या आतील मजबुतीची पट्टी, वायर किंवा नळी आडवी येत नाही हे आधी पाहावे. पट्टीला भोक पाडून पिन वॉशर आणि दोन नटांनी उभी बसवावी. तिच्या टोकाला थोडा रंग लावून बॉनेट अलगद टेकवले की आतल्या पत्र्यावर नेमकी खूण उमटते. तेथे प्रथम बारीक भोक पाडून मग ते टप्प्याटप्प्याने मोठे करावे. कडा कानसीने घासून प्रायमर व रंग लावणे टाळू नये. उघडा पत्रा पहिल्याच पावसाळ्यात गंजू लागतो. शेवटी वरची चकती बसवून, क्लिप जाईल एवढेच पिनेचे भोक वर राहील अशी उंची जुळवावी आणि नट घट्ट करावेत. बॉनेटचा भार रबरी टेकूंवरच राहिला पाहिजे. क्लिप हरवू नये म्हणून ती तारेने बांधून ठेवावी.

रस्त्यावरच्या गाडीत पिन लावली म्हणून मूळचे कुलूप काढून टाकणे हा मात्र अविचार ठरतो. घाईत क्लिप लावायची राहिली तर कोणताच आधार उरत नाही. शिवाय साधी क्लिप कोणीही उघडू शकतो. रस्त्याकडेला उभ्या गाडीतील बॅटरी त्यामुळे सहज हाती लागते. वर आलेले टोक पादचाऱ्याला इजा करू शकते, हेही विसरता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. त्यामुळे पत्र्याला भोक पाडण्यापूर्वी चेंबूरकरांनी वडाळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि आपल्या विमा कंपनीकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

बहुतेकांना त्याआधीच्या साध्या उपायांनीच भागेल. प्रत्येक सर्व्हिसिंगला कुलूप स्वच्छ करून ग्रीस लावून घ्यावे, दुसरा आकडा स्प्रिंगने आपोआप परत येतो का ते पाहावे आणि बॉनेट बंद केल्यावर ते हाताने उचलून खात्री करावी. त्यातूनही ते वाटेत उघडलेच, तर करकचून ब्रेक दाबू नये. मान खाली करून काचेच्या तळाशी राहिलेल्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून पाहत, धोक्याचे दिवे लावून गाडी हळूहळू कडेला घ्यावी. पिन हा जादा आधार आहे. मूळ कुलपाच्या देखभालीला तो पर्याय नव्हे.