कांसाची मुळं आणि नांगर

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आमच्याकडचे जैन व्यापारी कमी, शेतकरीच जास्त. लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा इथल्या मंदिरातल्या बायकांना याचं फार नवल वाटायचं. "जैन और हल?" असं एकीनं विचारलंसुद्धा. मी म्हटलं, असि, मसि, कृषी आदिनाथ भगवंतांनीच शिकवली ना! पण उन्हाळी नांगरट झाली की आमची आज्जी एक वेळचं जेवण सोडायची, ते मी तिला सांगितलं नाही. उद्योगी हिंसा गृहस्थाला चुकत नाही, पण तिचा हिशेब ठेवावा, असं आज्जीचं म्हणणं.

भोपाळच्या मातीचा असाच एक हिशेब राहून गेलाय. स्वातंत्र्याच्या सुमारास इथल्या काळ्या रानात कांस माजला होता. शरदात पांढरे तुरे डोलताना दिसायला सुंदर, पण मुळं इतकी खोल की बैलांचा नांगर तिथवर पोचतच नसे. माणसं रानं सोडून देत. १९४७च्या सुमारास केंद्र सरकारनं ट्रॅक्टर संघटना उभी केली. १ जून १९४९ला भोपाळ संस्थान केंद्राच्या ताब्यात आलं आणि त्याच सप्टेंबरात जागतिक बँकेनं शेतीयंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. साखळीचे अवजड ट्रॅक्टर आले. भर उन्हाळ्यात जमीन खोल उलथायची, म्हणजे मुळं वर येऊन वाळतात. पडीक रानांत गहू उभा राहिला. याला मी चूक म्हणणार नाही. बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, धान्य रेशनवर मिळत होतं.

पण कांसानं वर्षानुवर्षं जमिनीत काय साठवलं होतं? मुळं कुजून मातीच्या ढेकळांत, कणाकणांत कार्बन दडलेला असतो. नांगरानं ढेकूळ फुटलं की आत हवा शिरते, सूक्ष्मजीव ते कुजकं भराभर खातात आणि त्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगभरच्या मातीतला कार्बन हवेतल्या कार्बनच्या दुपटीच्या आसपास आहे, म्हणजे ही गोष्ट लहान नाही. अमेरिकेत मिनेसोटात मोजणी झाली, ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. मागच्या गव्हाच्या काडात जेवढा कार्बन होता, त्याहून जास्त खोल नांगरटीनंतरच्या १९ दिवसांत उडून गेला. न नांगरलेल्या जमिनीतून जेमतेम पाव भाग. भोपाळच्या त्या उन्हाळ्यात कुणी असं मोजलं नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसणार ते.

आता बेरसिया रस्त्यावर नबीबागेत दोन संस्था शेजारी शेजारी आहेत. १९७६ची कृषी अभियांत्रिकीची, १९८८ची मृदा विज्ञानाची. एक अवजारं घडवते, दुसरी माती तपासते. शेजार मोठा गमतीचा! मृदा विज्ञानवाल्यांनी सोयाबीन-गव्हाच्या रानात नांगर कमी करून, काड जमिनीवरच ठेवून वर्षानुवर्षं प्रयोग केलेत. वरच्या थरात सेंद्रिय कार्बन वाढलेला दिसतो. खालच्या थरांत मात्र तसा भरवसा देता येत नाही, कधीकधी कार्बन नुसता वर जमतो, एकूण फारसा वाढत नाही. म्हणून नांगर सोडला की हवा शुद्ध झाली, असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही.

हे सगळं मी वाचायला लागले ते धाकट्या भावाच्या फोनमुळं. उसाचा खोडवा निघाला की पाचट पेटवायचं आणि नांगर घालायचा, ही आमच्याकडची रीत. तो म्हणाला, "आक्का, औंदा नांगर सोडतो, पाचट बी जाळत नाही. आज्जीचा उपास वाचला असता बघ." मी खूश. मग म्हणाला, "पण तण आलं की तणनाशक मारावं लागणार."

आता काय सांगावं? नांगरानं मरणारे जीव आणि फवाऱ्यानं मरणारे जीव, कुठल्या वहीत मांडायचे? मी म्हटलं, एकच एकर कर, आणि फवारा नको, बायका लावून भांगलण करून घे. वहिनीनं भांगलणीच्या मजुरीचा हिशेब काढून पाठवलाय. तो आकडा बघितल्यापासून दोन दिवस मी भावाला फोन केलेला नाही.