गवत कोणाचे?

काऊबॉय या शब्दाचा सरळ अर्थ गुराखी. परंतु पडद्यावरचा हा गुराखी पाहताना आपले लक्ष असते त्याच्या पिस्तुलाकडे. त्याची गुरे ज्यावर जगतात त्या गवताकडे नसते. १९५३ साली निघालेल्या ‘शेन’ या अमेरिकन चित्रपटातला तंटा मुळात गवताचाच आहे. मोकळ्या माळावर गुरांचे कळप चारणारा बडा मालक आणि त्याच माळावर कुंपण घालून राहिलेले लहान शेतकरी, यांची ती झुंज. ज्या वायोमिंगमध्ये ही कथा घडते, तेथील जॉन्सन परगण्यात १८९२ साली बड्या गुरेमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले खरोखरच आणले होते. लोकांनी त्यांना वेढा घातला. लष्कर आले, ते या बंदूकवाल्यांना सोडवायला. आणि पुढे शिक्षा कोणालाच झाली नाही.

आमच्या मते हा प्रश्न नवी मुंबईच्या परिसराला मुळीच परका नाही. डोंगरावरचा चारा आणि सरपण ही येथे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. तिचा दस्तऐवज कातकऱ्यापाशी कोठून असणार? १८७८ च्या कायद्याने सरकारला राने राखीव करता आली, आणि कालची वहिवाट आज गुन्हा ठरू लागली. तिकडे काटेरी तार होती. इकडे कायद्याचे कलम हेच कुंपण झाले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे लोक जंगल सत्याग्रहासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर जमले. गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी यांच्यासह आठ जण हुतात्मे झाले. मामलेदारही त्यात ठार झाले.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात, पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व रुजले. हा विजय लहान नव्हे. पण तो हिशेब संपादित जमिनीच्या क्षेत्रफळावर बसतो. ज्याचे नाव सातबाऱ्यावर होते त्याला वाटा मागता आला. ज्याची गाय केवळ वहिवाटीने चरत होती, त्याने काय दाखवावे?

चित्रपटात शेन बड्या मालकाला लोळवतो आणि घोड्यावरून निघून जातो. प्रेक्षक समाधानाने घरी परततात. इतिहासात असा स्वार येत नाही. चिरनेरला २५ सप्टेंबरला हुतात्म्यांना वंदन होते. आपणही करावे, आणि त्या आठ नावांबरोबर, त्यांच्या रानावर आज हक्क कोणाचा, हेही विचारावे.