घण कोण मारतं?

लोहारकाम शिकायचं मनावर घेतलं की आपण आधी यादी शोधतो. यादीत पहिली ऐरण, मग हातोडा, मग गॅसची भट्टी, मग सांडश्यांचे पाच-सात प्रकार. यादी चुकीची नसते. पण लोहारशाळेत शेकडो वर्षं जे हमखास होतं, ते तिच्यात नसतं: दुसरं माणूस. या धंद्यातली बरीचशी अवजारं त्या दुसऱ्या माणसाची जागा भरायला आली, असं माझं मत आहे. हे डोक्यात ठेवलं की काय विकत घ्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न निम्मा सुटतो.

सुरुवात विदर्भातून करू. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीजवळ नायकुंड नावाचं गाव आहे. तिथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं, आणि महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळायची भट्टी सापडली. काळ साधारण इसवी सनापूर्वी ७००. भट्टी लहानशी, मातीची. सोबत मातीच्या नळ्या होत्या. नळी आहे म्हणजे तिच्यातून वारा घालणारा भाता होता, आणि भाता आहे म्हणजे तो चालवणारं कुणीतरी होतं. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. अशा भट्टीत ते वितळत नसे. मळी भरलेला, स्पंजासारखा गोळा निघायचा. तो पुन्हा पुन्हा तापवून ठोकला की मळी बाहेर पडायची. म्हणजे वारा घालणं, गोळा पकडणं आणि ठोकणं, तीन कामं. हात दोनच.

पुढे गावगाड्यात लोहार बलुतेदार झाला. फाळ, कुदळ, विळे शेवटून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं घ्यायचं. त्याच्याकडचं सामान मोजकं: कातड्याचा भाता, ऐरण, घण, हातोडे, सांडशी, छिन्नी, सुंबा, कानस, पाण्याची कुंडी. ऐरण म्हणजे लाकडाच्या ओंडक्यात बसवलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा, आणि ओंडका जमिनीत पुरलेला. लोहार तिच्यासमोर बसून काम करायचा.

बसून काम करणं म्हणजे मागासलेपण, असा सूर इंग्रजी पुस्तकांत सापडतो. मला ते पटत नाही. ऐरण बुटकी असेल तर उभ्या माणसाला डोक्यावरून घण पूर्ण फिरवून आणता येतो. लोहार खाली बसल्यामुळे एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात लहान हातोडा आणि डोकं घणाच्या वाटेतून बाहेर. सगळी मांडणी दोघांसाठी केलेली आहे. बाजारतळावर पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांकडे ती आजही पाहायला मिळते. ही मंडळी आपलं मूळ राजस्थान-गुजरातकडे सांगतात आणि महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्यांच्यात सांडशी पुरुषाच्या हाती आणि घण बहुतेकदा बाईच्या हाती असतो. बोलणं जवळजवळ नाहीच. लोहार हातोडीने जिथे टिचकी मारतो, तिथे पुढचा घण पडतो. हातोडी नुसतीच ऐरणीवर वाजली की थांबायचं. दोन प्रोसेसमधला इतका कमी शब्दांचा प्रोटोकॉल आमच्या ऑफिसात मी अजून पाहिलेला नाही. मराठी सिनेमानेही लोहार दाखवला तो जोडप्याच्या रूपात, ‘साधी माणसं’मध्ये, १९६५ साली.

आता दुसरी ऐरण. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपच्या जर्नलमध्ये आम्ही ती काढली होती: एका बाजूला निमुळतं शिंग, वर सपाट तोंड, मागे एक चौकोनी आणि एक गोल भोक. नावं बाणांनी दाखवायची, पाच मार्क. चौकोनी भोक कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. त्यात छिन्नी धार वर करून उभी करतात. एरवी एकजण छिन्नी धरतो आणि दुसरा वरून ठोकतो. भोक असलं की ऐरणच छिन्नी धरते आणि एकटा माणूस तुकडा पाडू शकतो. पायाचा व्हाइस हा असाच वाढीव हात. हाताने फिरवायच्या पंख्याने भात्यावरचं पोर मोकळं झालं. जेम्स नॅस्मिथने १८३९ मध्ये एका आगबोटीच्या प्रचंड शाफ्टसाठी वाफेच्या घणाची कल्पना कागदावर काढली, कारण तेवढं लोखंड ठोकणं माणसांच्या घणांना झेपणारं नव्हतं.

म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी स्वतःला विचारा: मी एकटा आहे की दोघं आहोत? एकटे असाल तर शिंगाची, भोकांची ऐरण आणि मजबूत व्हाइस यांवर पैसे घाला. उभं राहून, मूठ वळून हात खाली सोडला की बोटांच्या पेरांना तोंड लागेल, एवढी तिची उंची ठेवा. दोघं असाल तर चौकोनी ठोकळा पुरे, आणि तो बराच खाली हवा.

जुनी ऐरण घेताना छर्रा टाकून बघा. बेअरिंगमधली पोलादी गोळी वीतभर उंचीवरून सोडायची. पाऊण उंचीपर्यंत उसळली तर तोंड कडक आहे. थप्पकन बसली तर ऐरण बिडाची असेल किंवा तोंड उतरलेलं असेल. बिडाची ऐरण स्वस्त असते, पण तिच्या कडा उडतात. ती घेऊ नका. जुन्या इंग्लिश ऐरणीच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असले, तर ते वजन आहे. पहिला ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. १·२·१० म्हणजे १७८ पौंड, साधारण ८१ किलो. हे ठाऊक असेल तर किलोच्या भावाने घासाघीस करता येते.

ऐरण परवडत नसेल तर रुळाचा तुकडा. आपल्याकडचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचे असतात, म्हणजे फूटभर तुकडा १६ ते १८ किलोचा. सगळे तो आडवा ठेवतात. तो उभा पुरा. हातोड्याखाली सरळ जितकं वस्तुमान, तितका ठोका लोखंडात उतरतो. आडव्या रुळाची मधली पातळ पट्टी अर्धा ठोका खाते. मात्र भंगारवाल्याकडून पक्की पावती घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

भट्टीवर फार खर्च नको. लोणारी कोळसा, खाली लोखंडी नळी आणि लहान इलेक्ट्रिक ब्लोअर. वारा कमी-जास्त करायची सोय मात्र हवीच. भात्यावरचं माणूस लोहाराच्या डोळ्याकडे बघून वारा सोडायचं, ब्लोअर बघत नाही. वारा तसाच राहिला तर लोखंडातून ठिणग्या उडू लागतात. त्या दिसल्या की तो तुकडा जळाला, टाकून द्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीत कधीही घालू नका. जस्ताचा धूर ताप आणतो आणि जास्त झाला तर जिवावर बेततो.

विळ्या-कोयत्यासाठी लोहार पूर्वीपासून ट्रकचा कमानपाटा पसंत करतात, कारण त्यातलं पोलाद पाणी धरतं. ‘पाणी देणं’ हा आपल्या भाषेतला नेमका शब्द आहे. पातं लाल करायचं, लोहचुंबक चिकटेनासा झाला की फक्त धारेची बाजू बुडवायची. लोहार पाण्यात बुडवतो. नवख्याने तेल वापरावं, पातं तडकण्याची भीती कमी. मग पाठीतली उष्णता धारेकडे सरकते आणि घासलेल्या पोलादावर रंग चढत जातो: आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक पण ठिसूळ. जांभळ्यापर्यंत गेलं तर मार सोसते. उसाच्या कांड्यावर दिवसभर आपटायच्या कोयत्याला जांभळा बरा.

कोयत्याचं आणखी एक आहे. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे एक अवजार नव्हे, एक जोडपं. एकटा मजूर असेल तर ‘अर्धा कोयता’. उचल सहसा नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते, पण निदान मोजताना दोघं मोजली जातात. लोहारकामाच्या इतिहासात, आमच्या त्या जर्नलसकट, घण मारणारीसाठी असा अर्धाही शब्द मला सापडला नाही. अवजारांच्या यादीत घण असतो, वजनासह.

जोडीदार मिळालाच, तर सुरुवात तीन-चार किलोच्या घणाने करा, सात-आठ किलोचा नंतर. जोडीदाराने ऐरणीच्या समोर नव्हे, जरा तिरकं उभं राहायचं, म्हणजे दांड्यातून घण सुटला तर तो तुमच्याकडे येणार नाही. पाचर रोज सकाळी तपासायची. जमीन मातीचीच ठेवा. तापलेला तुकडा पडला तर काँक्रीटचे टवके उडतात. कपडे सुती, आणि चष्मे दोन आणा.