वाय-फाय वापरताय? आधी कडी लावा!

नाशिक रोड, (प्रतिनिधी) - घराबाहेर पडताना आपण कुलूप लावतो आणि ते ओढूनही पाहतो. घरातील वाय-फायचे दार मात्र रात्रंदिवस उघडे असू शकते, याकडे अनेकांचे लक्ष नसते. जेलरोड, दत्तमंदिर परिसरात इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. राउटरच्या रेडिओलहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या शेजारच्या सदनिकेत, जिन्यात आणि खालच्या वाहनतळातही पोचतात.

सानपाड्याचा धडा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल आला होता. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरापर्यंत पोचला. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते आणि त्याचाच वापर करून ई-मेल पाठविण्यात आला होता. कटाशी त्याचा संबंध आढळला नाही; परंतु चौकशीला त्याला तोंड द्यावे लागले. पुढे २३ ऑगस्टला माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे, तर १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका खासगी कंपनीचे वाय-फाय अशाच प्रकारे वापरले गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना सुरक्षित वाय-फायबाबत सूचना दिल्या.

असे का घडते? घरातील सर्व संगणक आणि मोबाईल बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. या पत्त्यावरून जोडणी कोणाच्या नावावर आहे ते कळते. कळफलकावर बोटे कोणाची होती, ते कळत नाही. म्हणून पोलीस प्रथम ग्राहकाच्याच दारात येतात.

काय करावे?

* राउटरच्या मागील चिठ्ठीवर दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून सेटिंग्ज उघडावीत. बहुधा हा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. 'अॅडमिन' हा मूळ पासवर्ड सर्वांत आधी बदलावा.

* सुरक्षा प्रकारात डब्ल्यूपीए-३ निवडावा. तो नसल्यास डब्ल्यूपीए-२ (एईएस) चालेल. जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले असून ती काही मिनिटांत भेदता येते.

* वाय-फायचा पासवर्ड किमान बारा ते पंधरा अक्षरांचा असावा. मोबाईल क्रमांक, सदनिका क्रमांक वा मुलांची नावे टाळावीत. परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले, तर लक्षात राहतात आणि ओळखणे कठीण जाते.

* डब्ल्यूपीएस ही सुविधा बंद करावी. तिचा पिन आठ अंकी असला, तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो. त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये निदर्शनास आले.

* पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळे ठेवावे. दूरस्थ व्यवस्थापन बंद करावे आणि राउटरचे फर्मवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे.

नेटवर्कचे नाव लपविणे किंवा ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणे, यावर मात्र विसंबू नये. लपविलेले नाव साध्या सॉफ्टवेअरने दिसते आणि मॅक पत्त्याची नक्कलही करता येते.

घुसखोर कसा ओळखावा?

राउटरच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. महिन्यातून एकदा ती पाहावी व घरातील मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप यांच्याशी ताडून घ्यावी. अनोळखी उपकरण दिसल्यास पासवर्ड बदलावा. त्याच क्षणी सर्वांची जोडणी तुटते आणि नवा पासवर्ड माहीत असलेल्यांनाच परत जोडता येते. केवळ वेग मंदावला म्हणून शेजाऱ्यावर संशय घेऊ नये. त्याची कारणे अनेक असू शकतात.

परवानगीशिवाय दुसऱ्याचे नेटवर्क वापरणे हा 'फुकटचा जुगाड' नव्हे. अप्रामाणिक हेतूने असे केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि गुन्हेगार सापडेपर्यंत उत्तरे द्यावी लागतात, ती जोडणीच्या मालकालाच. हे टाळण्यासाठी राउटरपुढे अर्धा तास बसणे पुरेसे आहे.