अठरा मिनिटांचा हिशेब

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ४८ जण धावायला निघाले आणि ३५ जण शेवटपर्यंत पोचले. बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. साताऱ्याचे सदाशिव दातार यांना शर्यत मध्येच सोडावी लागली. निकालपत्रक एवढ्यावर संपते. त्याच्या शेजारी दोराबजी टाटांचे एक पत्र ठेवले, तर मात्र या शर्यतीतून कोण काय शिकले याचा माग काढता येतो.

हे पत्र दोराबजींनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिले. १९१९मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा मेळाव्यात ते अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी वर्गातली माणसे अनवाणी, कसलेही शास्त्रशुद्ध शिक्षण न घेता धावताना त्यांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या तेव्हाच्या वेळांच्या तोडीच्या वाटल्या, म्हणून त्यांतल्या तिघांना आपल्या खर्चाने अँटवर्पला धाडण्याची तयारी त्यांनी दाखवली. इंग्रज प्रशिक्षक आणि नीट आहार मिळाला, की ही मुले देशाचे नाव राखतील, असा त्यांचा हिशेब होता. पुढे पुणेकर राष्ट्रवादी मंडळींनी उचल खाल्ली आणि पूर्ण संघच पाठवायचे ठरले.

पत्र घटनेनंतर दहा वर्षांनी लिहिलेले आहे, आणि लिहिणारा त्या उद्योगाचा आश्रयदाता आहे. तेव्हा ते चाळून घ्यायला हवे. पुण्याच्या रस्त्यावरचे अंतर काटेकोर मोजलेले होते असे गृहीत धरण्याचे कारण नाही. म्हणजे युरोपशी केलेली तुलनाही सैलच. मोजमापाविषयीची तेव्हाची समज कशी होती, हे नंतरच्या इतिहासांत येणाऱ्या एका किश्श्यावरून दिसते. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला साधारण किती वेळ लागत असेल, असे विचारल्यावर जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाने उत्तर दिले म्हणे, एक-दोन मिनिटे! किश्श्यावर थोडे मीठ चढले असेल, पण तो रचावासा वाटला यातही काही पुरावा आहेच.

अँटवर्पला हा सैलपणा संपला. तिथलेही कागद मात्र गबाळे आहेत. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या बेल्जियमच्या संयोजकांकडे पैसे उरले नव्हते. आज अधिकृत अहवाल म्हणून वापरला जाणारा टंकलिखित मजकूर १९५७ सालचा आहे. त्या शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्या ४२.१९५पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. प्रमाणित अंतर १९२१मध्ये ठरले. अँटवर्पला हवा थंड आणि पावसाळी होती. दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिटशॅम अर्ध्या वाटेपर्यंत आघाडीवर होता. पुढे त्याने शर्यत सोडली, आणि कारणांत फाटलेल्या बुटाचा उल्लेख येतो. अनवाणी धावणाऱ्यांच्या गोष्टीत हा तपशील नजरेत भरतो.

जिंकला फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन, २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत. स्टॉकहोमला १९१२मध्ये तीन सुवर्णपदके मिळवलेला, वर्षानुवर्षे शर्यतींत मुरलेला माणूस. एस्टोनियाचा युरी लॉसमन त्याच्या मागे जेमतेम १३ सेकंद होता. चौगुले आणि विजेता यांच्यातले अंतर १८ मिनिटे ९.६ सेकंद. भागाकार केला तर चौगुलेंचा वेग किलोमीटरला सुमारे चार मिनिटे पडतो आणि विजेत्याच्या तुलनेत दर किलोमीटरला साडेपंचवीस सेकंदांची तूट दिसते. हाच वेग ४२.१९५ किलोमीटरना लावला, तर सुमारे २ तास ४८ मिनिटे ३० सेकंद होतात. पहिल्याच खेपेला परक्या हवेत, जगातल्या उत्तम धावपटूंमध्ये! हे अपयश म्हणता येत नाही.

या शर्यतीने दिलेला धडा नेमका होता. धावपटूत कस आहे. कमी आहे ती वर्षभराच्या सरावाची आणि मोठ्या शर्यतींच्या अनुभवाची. दोराबजींना तो उमगला असावा, कारण पुढची त्यांची पावले संघटनेकडे वळतात. वाय.एम.सी.ए.चे डॉ. नोरेन त्यांच्या जोडीला आले. फेब्रुवारी १९२४मध्ये दिल्लीत अखिल भारतीय सामने घेऊन त्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकसाठी आठ जण निवडले गेले. मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढणारे हॅरी बक त्यांच्याबरोबर गेले. १९२७मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये महादेव सिंग एकोणतिसावे आले. त्यांची वेळ ३ तास ३७ मिनिटे ३६ सेकंद, विजेत्यापेक्षा ५६ मिनिटे जास्त. माणूस वेगळा, रस्ता वेगळा. अशा दोन शर्यतींची तुलना अर्धवटच राहते. तरीही चार वर्षांत अंतर घटण्याऐवजी तिपटीने वाढले, आणि निवडीची यंत्रणा मात्र आधीपेक्षा कितीतरी नीटनेटकी होती.

माझ्या मते दोष निदानात नव्हता, उपचारात होता. समित्या, निवड-सामने, व्यवस्थापक यांवर जेवढे लक्ष गेले, तेवढे त्याच धावपटूंना पुन्हा उभे करण्यावर गेले नाही. साडेपंचवीस सेकंदांची तूट ज्याच्या पायांना ठाऊक होती, ते चौगुले पुन्हा ऑलिंपिकमध्ये धावले नाहीत. १९२४च्या आठ जणांत १९२०चा एकही धावपटू नव्हता.